डाग काढणारे रसायन आणि नोकराचा श्वास

उज्जैनच्या देवास गेटास एका अंगाने रेल्वेस्थानक व दुसऱ्या अंगाने बसस्थानक लाभले आहे. मालाची अशी ये-जा जेथे असते तेथे व्यापार वाढावा हे स्वाभाविकच होय. परंतु कापडाचा तागा असो वा यंत्राचा सुटा भाग, तेलाचा डाग त्यास चुकत नाही. तो काढण्यासाठी जे गोडसर वासाचे, पाण्यासारखे नितळ द्रावक पिचकारीने मारतात, त्याची माहिती सभासद बंधूंनी करून घेणे अगत्याचे आहे.

या वर्गातील प्रमुख द्रावक म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन. ते सहजी पेट घेत नाही, चटकन उडून जाते व कापडावर खूण ठेवीत नाही. एके काळी शस्त्रक्रियेत व प्रसूतीत वेदना शमविण्यासाठी हेच हुंगवीत असत! डॉक्टर जे मोजून देत, तेच कोंदट खोलीत बसलेला नोकर दिवसभर न मोजता घेत असतो. प्रारंभी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. सुटीच्या दिवशी बरे वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पुढे यकृत, मूत्रपिंड व मज्जातंतू यांवर आघात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हे द्रव्य मनुष्यास कर्करोगकारक ठरविले, ते मुख्यत्वे मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. अमेरिकेने २०२४ च्या डिसेंबरात त्यावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारा नियम जाहीर केला.

याची वाफ हवेच्या सुमारे साडेचार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत साचते. तळघर वा खड्डा भरून जातो. भिंतीच्या माथ्यावर पंखा बसवून निश्चिंत होणारे मालक पुष्कळ आहेत. वाफ मात्र खालीच राहते. नाकही फसवते, कारण वासाची सवय होते. रुमाल बांधल्याने काहीच साधत नाही. सक्रिय कोळशाचा मुखवटा लागतो. साधे रबरी हातमोजेही या द्रवापुढे फार वेळ टिकत नाहीत. तळघरात कोणी बेशुद्ध पडला तर त्यास काढण्यासाठी तसेच धावत उतरणारा दुसराही तेथेच कोसळतो, हे घरच्या मुलांनाही सांगून ठेवावे.

विडी, शेगडी किंवा जोडकामाची ज्योत या वाफेस भिडली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आपल्या भोपाळच्या कारखान्यात ज्या मिथिल आयसोसायनेटने १९८४ साली अनर्थ केला, ते याच फॉस्जीनपासून बनवीत असत. त्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. अशा द्रावकांची विषबाधा त्या अधिनियमाच्या रोगसूचीतही होती. पण मूळ व्याख्येप्रमाणे यंत्रशक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस कामगार असतील तोच कारखाना. दोन नोकरांच्या मागच्या खोलीकडे पाहण्यास कोणी निरीक्षक येत नसे. तेथे जबाबदारी ती एकट्या शेठजींचीच.

बहुतेक डाग साबणाच्या कोमट पाण्याने निघतात. वेळ अधिक लागतो व मजुरी वाढते, हे खरे. जेथे द्रावक अपरिहार्यच असेल तेथे काम उघड्यावर करावे, डबा झाकून ठेवावा आणि नावाची चिठ्ठी नसलेला सुटा माल घेऊच नये. नोकर आजारी पडल्यास ती चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी; तो काय हुंगत होता हे कळले, तर लघवीच्या तपासणीने दोष ताडता येतो.