महास्फोटाच्या आधी काळ होता का?

जुन्नर तालुक्यात, खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आभाळाकडे रोखलेल्या दिसतात. जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या या दुर्बिणींनी टिपलेला हायड्रोजनचा एक क्षीण संदेश तब्बल ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता.

विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. त्याआधी काय?

सापेक्षतेची समीकरणं शून्य क्षणापाशी कोलमडतात. काळच तिथे जन्मला, असं अनेकजण मानतात. कोल्हापुरात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना ते पटलं नाही. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये अनादी, आलटूनपालटून फुगणाऱ्या-आकसणाऱ्या विश्वाचा सिद्धांत मांडला. बहुतेकांनी तो नाकारला. सूक्ष्मलहरींच्या वैश्विक प्रारणाची साक्ष महास्फोटाच्याच बाजूची आहे.

तरी महास्फोटाचा पुरावा म्हणजे काळाच्या आरंभाचा पुरावा नव्हे. काळाला आरंभ होता का, हा नारळीकरांचा मूळ प्रश्न आजही अनुत्तरित आहे.