तांब्याचा तळ सरळ नसतो

संपादकांचं म्हणणं साधं होतं. माध्यमिक शाळांचं पहिलं सत्र दिवाळीला संपतं; जूनपासून तोवर मुलं अभ्यासाखेरीज काय करतात, काय मिळवतात, ते एखाद्या शाळेत जाऊन बघा आणि लिहा. पुण्या-मुंबईची शाळा नको, एवढीच अट. म्हणून सप्टेंबरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित मराठी शाळेत जाऊन बसलो.

मुख्याध्यापिका बाईंनी चहा यायच्या आत सत्राचा अहवाल पुढे ठेवला. आषाढीची दिंडी, वृक्षारोपण, टिळक पुण्यतिथीची वक्तृत्व स्पर्धा, पंधरा ऑगस्टचं संचलन, शाडूच्या गणपतीची कार्यशाळा, शिक्षकदिनी मुलांनी चालवलेली शाळा. खो-खोच्या मुली तालुक्यात दुसऱ्या आल्या. विज्ञान प्रदर्शनासाठी ठिबक सिंचनाचं मॉडेल तयार होतंय. असे अहवाल पुष्कळ वाचलेत. शाळेचं नाव झाकलं तर महाराष्ट्रात कुठेही खपतील. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती: शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी व इंटरमिजिएट, केंद्र आपली शाळा.

‘‘हे कोण बघतं?’’ मी विचारलं.

‘‘आमचे ड्रॉइंगचे सर.’’

‘‘आणि दिंडीच्या पताका? गणपतीची कार्यशाळा?’’

‘‘तेही सरच. खो-खोच्या मुलींची प्रमाणपत्रंसुद्धा त्यांच्याच अक्षरातली आहेत. तुम्ही त्यांच्याकडेच जा की.’’

गेलो, आणि अहवालातलं बाकीचं सगळं मागे पडलं.

ड्रॉइंगचा हॉल म्हणजे कौलारू इमारतीच्या टोकाची लांबट खोली. उत्तरेला मोठ्या खिडक्या, बाकं नाहीत. भिंतीकडेला ड्रॉइंग बोर्डांची चळत आणि एका कपाटात भांड्यांचा संसार: पितळी तांबे, कळशी, चिनी मातीची बरणी, कंदील, किटली, कान तुटलेला कप. शेजारी वाळलेला दुधी भोपळा आणि दोन नारळ. सर साठीला टेकलेले, अंगाने बारीक, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर रंगाचे डाग. ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) केलंय कोल्हापुरातच. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतनमधून बाहेर पडलेली मंडळी या भागातल्या शाळाशाळांत ड्रॉइंग मास्तर म्हणून गेली, त्याच पिढीतले हे एक.

या रेखाकला परीक्षेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण सरांनीही तो मला थोडक्यातच ऐकवला. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधला कलाशिक्षणाचा सरकारी साचा इकडे आला. मुलाच्या हाताला शिस्त लागावी, कारागिराला नेमकी रेघ मारता यावी, हा त्यातला हेतू. चित्रकार घडवायची घाई कुणालाच नव्हती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेडच्या परीक्षा त्याच साच्यातून निघाल्या. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे.मध्ये शिकले आणि पुढे तिथेच आयुष्यभर शिकवत राहिले. त्यांच्या आत्मवृत्ताचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १९६५ साली राज्याचं कला संचालनालय स्वतंत्र झालं. परीक्षा आता त्याच्याकडे आहे आणि दरवर्षी लाखांत मुलं बसतात. एलिमेंटरी आधी, इंटरमिजिएट नंतर. पेपर चार: वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. मुलांच्या तोंडी ते ‘स्टिल, मेमरी, डिझाइन आणि भूमिती’ असतं.

मी गेलो तेव्हा आठवीचा जादा तास चालू होता. स्टुलावर तांब्या, त्याला टेकून दोन वांगी, मागे निळं फडकं. मुलं अर्धवर्तुळात जमिनीवर बसलेली, मांडीवर बोर्ड. बहुतेकांचा तांब्या ठीक उतरत होता, पण तळाशी येऊन सगळे एकच गोष्ट करत होते: पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारून मोकळे. वर तोंड मात्र गोल. तेही दोन्ही बाजूंना टोकं काढलेलं.

एका मुलाजवळ सर वाकले. ‘‘तळ सरळ कसा रे?’’

‘‘सर, स्टुलावर ठेवलाय ना. सपाटच आहे तो.’’

‘‘आहे रे बाळा, सपाटच आहे. पण तुला दिसतोय कसा? दिसतंय ते काढ, ठाऊक आहे ते नको.’’

पोरगं गप्प. त्याच्या युक्तिवादात खोट काहीच नव्हती. तळ सपाट नसता तर तांब्या डुगडुगला असता. गोची अशी की डोळ्याला तो सपाट दिसत नाही, आणि मेंदू डोळ्याचं ऐकत नाही. सरांची निम्मी नोकरी या एका भांडणात गेली आहे.

त्यांनी कपाटातून काचेचा उभा पेला काढला, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि त्यात नीळ टाकली. मुलांना जवळ बोलावलं. पेला कमरेपाशी धरला तेव्हा निळ्या पाण्याचा वरचा भाग चांगला रुंद, जवळजवळ गोल दिसत होता. मग पेला हळूहळू वर. छातीशी येईतो ते गोल चपटं झालं. आणखी वर, आणखी चपटं. डोळ्यांच्या रेषेत आल्यावर पाण्याची नुसती एक निळी रेघ उरली. ‘‘इथे, फक्त इथे सरळ,’’ सर म्हणाले. पेला डोक्याच्या वर गेला तेव्हा तेच गोल खालून उघडायला लागलं. मुली हसल्या. एका मुलाने पेला मागून घेतला आणि स्वतःच वर-खाली करत बसला.

मग सरांनी फळ्यावर तांब्या काढला. आधी उभी मध्यरेषा, तिच्यावर तोंडाचं लंबवर्तुळ, खाली तळाचं. सर त्याला ‘इलिप्स’ म्हणतात, सगळेच ड्रॉइंग मास्तर म्हणतात. भांडं नजरेच्या खाली असेल तर तोंडाचा इलिप्स अरुंद आणि तळाचा त्याहून भरलेला, कारण तळ नजरेपासून अधिक खाली असतो. इलिप्सला टोक कधीच येत नाही. दोन्ही कडांना तो वळतोच, अगदी बारीक का असेना. पुढचा अर्धा भाग मागच्यापेक्षा किंचित मोठा दिसतो, कारण तो आपल्याजवळ असतो. मी हे शाळेत शिकलो असणारच, पण तांब्याच्या तोंडाचा मागचा भाग पुढच्याहून लहान दिसतो याकडे इतक्या वर्षांत एकदाही लक्ष दिलं नव्हतं. हॉटेलात परतल्यावर पाण्याचा जग समोर ठेवून बराच वेळ बघत बसलो.

सरांचा हात बघण्यासारखा आहे. इलिप्स काढताना ते मनगट हलवत नाहीत, खांद्यापासून हात फिरवतात. खडू फळ्याला टेकण्याआधी हवेतच दोन फेऱ्या होतात आणि मग एका दमात पूर्ण वळसा. मुलांनाही तेच करायला लावतात. आधी पेन्सिल न टेकवता कागदावर हात फिरवायचा, लय आली की हळूच टेकवायची. जून-जुलैत रोज तासाच्या सुरुवातीला रद्दी कागदावर इलिप्सची रांग. नक्षी नाही, रंग नाही, कुणाला दाखवावं असं काही नाही. गणपतीनंतर एखाद्या दिवशी मूल आपणहून तळाला वळण देतं, तेव्हा सर काही बोलत नाहीत, पुढे सरकतात. ‘‘शाबासकी दिली की ते मान वर करून माझ्याकडे बघतं,’’ म्हणाले, ‘‘तांब्याकडे बघायचं राहून जातं.’’

परीक्षेच्या दिवशी आत जायला अर्थातच मनाई होती. व्हरांड्यातून दिसलं तेवढं बघितलं. प्रत्येक गटापुढे वस्तूंची मांडणी, भोवती मुलं, आणि २८ बाय ३८ सेंटिमीटरचा कोरा कागद. माझा आवडता पेपर हाच, ‘स्टिल’चा, कारण यात कॉपी करून उपयोग नसतो. शेजारच्याला किटलीचा कान दिसतो, तुम्हाला दिसत नाही. त्याचं बघून काढलंत तर ते लगेच ध्यानात येतं. कॉपीमुक्त अभियानाच्या बैठका घेणाऱ्या राज्यात हा एक पेपर असा आहे की भरारी पथकाने दारात बसून खुशाल चहा प्यावा.

‘मेमरी’चं तसं नाही. बाजार, रेल्वे स्थानक, दहीहंडी, पतंग उडवणारी मुलं असले विषय येतात. मुलाने पाहिलेलं आठवून मांडावं, ही अपेक्षा. पण बाहेर आता ग्रेड परीक्षेचे क्लास निघालेत, तयार चित्रांची पुस्तकं मिळतात. एक पाठमोरी बाई डोक्यावर पाटी घेतलेली, एक छत्रीवाला, एक सायकलवाला, एक कुत्रं. चार आकृत्या घोटून ठेवायच्या आणि विषय येईल त्यात बसवायच्या. बाजार आला तर बाईच्या पाटीत भाजी, स्टेशन आलं तर गाठोडं. सरांनी गेल्या वर्षीचे सराव कागद दाखवले. वेगवेगळ्या मुलांच्या कागदांवर तीच बाई, तेच कुत्रं, शेपटीचा बाकही तोच. याला ए ग्रेड मिळतेसुद्धा.

क्लास वाढण्याचं कारण गुण. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात: ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. खेळाडूंना आणि शास्त्रीय नृत्य-संगीत, लोककला यांतल्या मुलांनाही अशीच सोय आहे. त्याने परीक्षेला गर्दी झाली. सरांचं मत विचारलं तर ते स्पष्ट सांगतात की गुण नसते तर यांतली निम्मी मुलं आलीच नसती, आणि आलेल्यांपैकी दहा-बारा तरी बघायला शिकतात, तेवढं त्यांना पुरे. मला ते तितकं पुरेसं वाटत नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी तांब्या काढणारं मूल तांब्या काढणं कधी सोडेल हे सांगायला ज्योतिषी नको. पण करोनामुळे २०२० साली परीक्षाच झाली नाही, त्या वर्षी या हॉलमध्ये फिरकलं कोण होतं, असं त्यांनी विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी एक मुलगी मात्र रोज बोर्डाचा फोटो मोबाइलवर पाठवायची, तेही घरातल्या कळशीचा. तिला गुणांचं कुणी सांगितलेलंही नव्हतं, ती सातवीत होती.

सरांचं बाकीचं सत्र दाराजवळच्या फळ्यावर उमटतं. दिनविशेषाचं फलकलेखन ते स्वतः करतात. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवतात, म्हणजे वाळल्यावर अक्षर येताजाता पुसलं जात नाही. टिळकांची पगडी, विठ्ठलाचे कर, पंधरा ऑगस्टचा झेंडा, पंधरा ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला कलाम. विज्ञानाच्या मॉडेलवरची ‘पाण्याची टाकी’ आणि ‘नळी’ ही नावंही त्यांनीच कटनिबने लिहिली होती. शाळेच्या अहवालात यांतल्या कशाचाही उल्लेख नाही. फळा कोण लिहितं हे मिनिटबुकात येत नाही.

सर येत्या मे महिन्यात निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न मी बाईंना विचारला आणि मग उरलेली दुपार त्यातच गेली.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असली तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. म्हणजे कायद्याने कला मान्य केली, पण ती अर्धवेळ. पूर्ण वेळेचा, पूर्ण पगाराचा ड्रॉइंग मास्तर हा जुन्या मंजुरीतला माणूस; तो निवृत्त झाला की त्या पदाचं काय होईल, ते संचमान्यतेच्या कागदावर कार्यभार किती भरतो यावर ठरतं. इथे पटसंख्या घटते आहे. बाजूला इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली, तिची पिवळी बस याच रस्त्याने जाते. बाई म्हणाल्या, ‘‘गणिताचं पद वाचवू की ड्रॉइंगचं? तुम्हीच सांगा.’’ मी कसलं सांगतोय.

आठवड्यात चित्रकलेचे जे दोन तास वेळापत्रकात आहेत, त्यांतला एक सहामाही जवळ आली की विज्ञानाला जातो. नववी-दहावीला तर तो तास नावापुरताच. सरांनी त्यावर शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर जादा तास घेऊन मार्ग काढलेला आहे. जादा तासाचा पगार नसतो, आणि नवा माणूस तो फुकट घेईल, अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही.

तोवर भूगोलाच्या बाई तयार होताहेत. मोकळ्या तासाला त्या हॉलमध्ये येतात, मुलांच्या मागे बसून स्वतः तांब्या काढतात. इलिप्स त्यांना जमला, हे सर कौतुकाने सांगतात. वस्तूंची मांडणी मात्र जमत नाही. त्या सगळ्या वस्तू एका ओळीत ठेवतात, जणू हजेरी घ्यायची आहे. एकापुढे एक वस्तू ठेवल्याशिवाय मागची किती झाकली जाते हे मुलांना कळणार कसं, असं सर त्यांना परत परत सांगतात, आणि त्या हसून पुन्हा मांडतात. त्यांच्याकडे आधीच दोन वर्ग, निवडणुकीचं बीएलओचं काम आणि पोषण आहाराची नोंदवही आहे.

दुसरा उमेदवार सरांचाच माजी विद्यार्थी. ए.टी.डी. झालेला, हात चांगला. सध्या बाजारपेठेत फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर वाढदिवसांचे बॅनर जुळवतो. दुकानात त्याला भेटलो तेव्हा पडद्यावर कुणा दादांचा गॉगल घातलेला फोटो होता आणि हा त्यांच्या मागे उगवता सूर्य बसवत होता. पवित्र पोर्टलवर कलाशिक्षकाची जागा आली का, हे तो बघत असतो. निदेशक म्हणून तासावर यायला तयार आहेस का, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘सरांसाठी येईन. पण मालक रोज दोन तास सोडणार नाही, आणि ते काम वर्षभर टिकेल याची लेखी हमी कोण देणार?’’

मुख्याध्यापिका बाईंनी संस्थेकडे प्रस्ताव पाठवलाय. पद मंजूर झालं नाही तर परीक्षेचं केंद्रही इथे ठेवणं अवघड, असं त्यांना वाटतं, कारण केंद्र चालवायला जाणकार माणूस लागतो. मग मुलांना जवळच्या दुसऱ्या केंद्रावर पाठवावं लागेल, म्हणजे एस.टी.ने जाऊन-येऊन दिवसाला दोन पेपर. वरच्या वाड्यांवरच्या मुली एवढ्या लांब पाठवतील का घरचे, याची सरांना खात्री नाही. पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीचे अर्ज निवृत्तीआधी भरून ठेवता येतात का, हे विचारायला ते गेले होते. नोंदणी ऑनलाइन असते आणि ती जूननंतर सुरू होईल, असं त्यांना सांगण्यात आलं.