इंग्रजीची उजळणी आणि घरची कीर्द-खतावणी

संक्रांत उलटली की सटाण्यातील व्यापारी घरांत बोलण्याचा विषय बदलू लागतो. कांद्याचे भाव, डाळिंबाचा बहर, लग्नसराईची खरेदी यांच्या जोडीला आणखी एक चिंता येऊन बसते. ती म्हणजे दहावीचा इंग्रजीचा पेपर. गणिताची भीती घरात मोकळेपणाने बोलून दाखवली जाते. कारण हिशेब हा घरचाच विषय असल्याने कोणी काका, कोणी आजोबा मदतीला धावून येतात. इंग्रजीचे पुस्तक उघडले की मात्र मोठी माणसे हळूच बाजूला होतात. ‘आम्हाला त्यातले कळत नाही, क्लासला विचार,’ एवढे सांगून विषय संपतो आणि मूल त्या पुस्तकासमोर एकटे उरते.

हे एकटेपण अनाठायी आहे. इंग्रजीची उजळणी घेण्यासाठी पालकाला इंग्रजीचे पांडित्य लागत नाही. त्यासाठी लागतात त्या तीन गोष्टी म्हणजे रोजची नोंद, आठवड्याचा मेळ आणि बाकी वसूल करण्याची चिकाटी. या तिन्ही गोष्टी व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत.

चौथ्या भाषेचे ओझे

बागलाण हा अहिराणी बोलीचा मुलूख. सटाण्यातील जैन कुटुंबांत घरी मारवाडी किंवा गुजराती, दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी असा भाषांचा प्रवास लहानपणापासूनच घडतो. त्यावर हिंदी आणि इंग्रजी येते. शिक्षण मंडळाच्या दप्तरी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ आहे. प्रत्यक्षात ती चौथी किंवा पाचवी असते.

पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे हा विषय शिकलेला असतो. तरीही भीती का उरते? कारण या दहा वर्षांत घराच्या उंबरठ्याच्या आत ही भाषा क्वचितच आली. जी मुले चार भाषांत सहज व्यवहार करतात, त्यांच्या ठायी भाषाशक्तीची उणीव नाही. उणीव आहे ती वहिवाटीची.

गुण नेमके कोठे आहेत

कोणताही धंदा सुरू करण्यापूर्वी माल कोठे आहे आणि मागणी कशाला आहे, हे पाहिले जाते. परीक्षेबाबत मात्र ही साधी दृष्टी बाजूला राहते. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. नव्या अभ्यासक्रमाच्या लेखी पेपराची ढोबळ विभागणी अशी: भाषाभ्यास १०, पाठ्यपुस्तकातील गद्य उतारे २०, कविता १०, पाठ्यपुस्तकाबाहेरील उतारा व त्याचा सारांश १५, पत्र, संवाद, भाषण, बातमी, गोष्ट इत्यादी लेखन २० आणि भाषांतर ५.

या आकड्यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. गद्य, कविता व अपठित उतारा मिळून ४५ गुणांचे प्रश्न प्रश्नपत्रिकेतच छापलेल्या मजकुरावर आधारलेले असतात. उत्तराचा बराचसा माल समोरच ठेवलेला असतो. तो वाचून, समजून, योग्य जागी मांडायचा असतो. असे असूनही मुले मार्गदर्शकातील तयार उत्तरे महिनोन्‌महिने घोकत बसतात. ज्याला मागणी नाही असा माल गोदामात भरण्यासारखेच हे आहे. रोज एक अनोळखी उतारा वाचणे, त्यावर स्वतःच चार प्रश्न काढणे आणि त्यांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहिणे, हा सराव घोकंपट्टीपेक्षा कितीतरी अधिक फळ देतो.

साहित्य: गोष्ट आधी, प्रश्न मागाहून

धडा हा आधी गोष्ट म्हणून वाचावा. दहावीच्या राज्य मंडळाच्या इंग्रजी पुस्तकात रस्किन बाँड यांची ‘द बॉय हू ब्रोक द बँक’ ही कथा आहे. पिपलनगर या गावातील बँकेच्या पायऱ्या झाडणारा नथू पगार वेळेवर न मिळाल्याची तक्रार करतो. ती तक्रार एकाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येक तोंडी थोडी वाढते आणि अखेर ‘बँक बुडाली’ अशी आवई उठून ठेवीदारांची झुंबड उडते. बँक कोसळते ती या झुंबडीने, आणि आपल्या एका वाक्याने काय घडले याचा नथूला पत्ताही नसतो.

ही कथा व्यापारी घरातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पत म्हणजे काय, ती बांधायला किती वर्षे लागतात आणि अफवेच्या एका झुळकेने ती कशी उडते, हे बाजारपेठेत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलाने ही कथा वाचावी आणि रात्री वडिलांना किंवा आजोबांना ती मराठीत सांगावी. आजोबा विचारतील, ‘ठेवीदारांनी एकदम पैसे मागितले तर चांगली बँकसुद्धा का अडचणीत येते?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना मूल पुन्हा पुस्तकाकडे वळेल आणि या वेळी शब्दांच्या आड दडलेला आशय त्याला सापडेल. उताऱ्याखाली स्वतःचे मत विचारणारा प्रश्न असतोच. त्याचे उत्तर अशा संभाषणातूनच तयार होते. स्वाध्यायाच्या प्रकारांत ‘वाचना’पाठोपाठ ‘पृच्छना’ येते, हे जैन घरांत निराळे सांगायला नको. वाचलेले विचारले गेले, म्हणजे ते पक्के होते.

व्याकरण: दोन भाषांच्या रीती

व्याकरणातील बहुतेक चुका अज्ञानाच्या नसतात. मराठीची रीत मूल नकळत इंग्रजीत नेते आणि तेथे ती चालत नाही. म्हणून दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

मराठीत क्रियापद साधारणतः वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ नामानंतर जोडला जातो. इंग्रजीतील ‘ऑन’ नामाच्या आधी उभा राहतो. ‘मुलीने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने चिंच खाल्ली’ या वाक्यांत मराठी क्रियापद कर्माप्रमाणे रूप बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’च राहते. उलट वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’ किंवा एकवचनी नाम कर्ता असेल तर क्रियापदाला ‘एस’ लागतो आणि हाच ‘एस’ सर्वांत अधिक विसरला जातो. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना मराठीत जोडच नसल्यामुळे ती गळतात. या पाच ठिकाणी लक्ष ठेवले तरी लेखनातील चुका निम्म्यावर येऊ शकतात.

अप्रत्यक्ष कथनासाठी तर दुकान हीच प्रयोगशाळा आहे. गिऱ्हाईक म्हणते, ‘मी उद्या पैसे देईन.’ हे वाक्य दुसऱ्याला सांगताना इंग्रजीत ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो आणि ‘टुमॉरो’ बदलून ‘द नेक्स्ट डे’ होतो. उधारीचा ‘उद्या’ कसा पुढे सरकत जातो, याचा अनुभव असलेल्या घरातील मुलाला हा नियम एकदाच सांगितला तरी पुरे.

शब्दसंग्रह: गल्ल्याजवळचे धन

शब्द पाठ होत नाहीत, ही नेहमीची तक्रार. परंतु इंग्रजी न येणाऱ्या दुकानदाराच्या तोंडीही दिवसभरात शेकडो इंग्रजी शब्द येतात. बिल, स्टॉक, डिलिव्हरी, कमिशन, डिस्काउंट, रिटर्न, पार्सल, बॅलन्स, क्रेडिट, इंटरेस्ट हे शब्द घरात रुळलेले आहेत. त्यांचे स्पेलिंग आणि त्यांचा दुसरा अर्थ एवढेच शिकायचे उरते. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, तसेच गोडीही. ‘बॅलन्स’ म्हणजे शिल्लक, तसाच तोल. ‘क्रेडिट’ म्हणजे जमा किंवा उधारी, तसेच श्रेयही. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल, आणि तोच शब्द त्याच स्पेलिंगने शाळेचा मुख्याध्यापकही होतो. तत्त्व या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग मात्र शेवटी वेगळे पडते. रोज फाडल्या जाणाऱ्या पावतीवरील ‘रिसीट’ या शब्दात ‘पी’ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही. दुकानाच्या पाटीवरील ‘स्टेशनरी’मध्ये ‘ई’ असतो. तेथे ‘ए’ पडला तर अर्थ ‘स्थिर’ असा होतो.

भाषाभ्यासाच्या प्रश्नात एखाद्या विषयाशी संबंधित शब्द लिहा, मोठ्या शब्दातील अक्षरांतून लहान शब्द तयार करा, शब्द वर्णानुक्रमाने लावा, शब्दसाखळी पूर्ण करा, असे खेळ असतात. ‘बाजार’ या विषयावरील शब्द व्यापाऱ्याच्या मुलाला सुचणार नाहीत तर कोणाला? हा खेळ जेवणानंतर सारे घर मिळून खेळू शकते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळचा एक निवांत तास हाताशी असतो. त्यातील पंधरा मिनिटे यासाठी सहज काढता येतात.

भाषांतर आणि तोंडी परीक्षा

आजच्या आजोबांच्या पिढीत अनेकांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला समोर ठेवून, मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकली. ती रीत पुढे जुनी ठरली. परंतु दहावीच्या पेपरात भाषांतराचे ५ गुण आजही आहेत. शब्द, वाक्ये आणि एखादी म्हण यांचे इंग्रजीतून मराठीत रूपांतर करावे लागते. येथे घरातील आई-आजीचे मराठी कामाला येते. इंग्रजी म्हणीचा अर्थ मुलाने सांगावा आणि तिला जुळणारी मराठी म्हण आजीने द्यावी.

तोंडी परीक्षेलाही कमी लेखू नये. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांचे अंतर्गत २० गुण काढून टाकण्यात आले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणून या बदलाकडे बोट दाखवले गेले. पुढे ते गुण पुन्हा देण्यात आले. त्यांचे मोल लक्षात घेऊन मुलाने रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसले तरी मूल कोठे अडखळले, कोठे घाईने गिळून पुढे गेले, हे कानाला कळतेच. अडखळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने खूण करण्याचे काम कोणीही करू शकेल.

चुकांचे खाते

या सर्वांना एका सूत्रात बांधणारी गोष्ट म्हणजे एक वही. तिचे तीन भाग करावेत. पहिला भाग कीर्दीसारखा: तारीख घालून त्या दिवशी वाचलेला उतारा, आलेले नवे शब्द आणि झालेल्या चुका. दुसरा भाग खतावणीचा: प्रत्येक चूक आपापल्या खात्यावर न्यायची, काळ, उपपदे, स्पेलिंग, विरामचिन्हे, पत्राचा आराखडा अशी खाती उघडायची. तिसरा भाग तेरजेचा: रविवारी कोणत्या खात्यावर किती चुका जमा झाल्या ते पाहायचे. ज्या खात्याची बाकी वाढली आहे, त्याची वसुली पुढील आठवड्यात आधी करायची. खात्यांची नावे मराठीत लिहिली तर इंग्रजी न येणारे वडीलही दर रविवारी ही वही तपासू शकतात. बाकी कमी होत आहे की वाढत आहे, हे पाहायला आकड्यांची भाषा पुरेशी आहे.

सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची कथा प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. दुष्काळात रयतेसाठी सरकारी तिजोरी खुली करणारा हा मामलेदार. तपासणीच्या वेळी तिजोरीतील रक्कम पुरेपूर भरली, अशी श्रद्धा आहे. ती पुण्याई लोकांच्या पोटासाठी झिजलेल्या माणसाची होती. परीक्षेच्या तिजोरीत मात्र ज्याने-त्याने रोज थोडे थोडे टाकावे लागते.

यंदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या हाती थोडेच आठवडे उरले आहेत. त्यांनी ही वही आजच उघडावी. नववीतील मुलांना मात्र पुरा अवधी आहे. दिवाळीत व्यापारी घरांत नव्या वह्यांचे पूजन होते. येत्या दिवाळीला त्या वह्यांच्या शेजारी इंग्रजीच्या उजळणीची एक वही ठेवावी, तिच्या पहिल्या पानावर मुलाने स्वतःच्या हाताने तारीख घालावी आणि दर रविवारी वडिलांनी तिच्यावर सही करावी.