तंबू कुठं ठोकलाय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मराठीत तंबूला शब्दांची कमतरता नाही. राहुटी आहे, डेरा आहे, धनगरांचं पाल आहे. कनात आणि शामियाना फारसी-तुर्कीच्या वाटेनं आले आणि इथलेच होऊन गेले. लग्नाच्या मांडवात कनात ओढणाऱ्या पोराला हा शब्द परका आहे असं सांगितलं तर तो हसेल. गेल्या काही वर्षांत यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे, 'ग्लॅम्पिंग'. ग्लॅमर आणि कॅम्पिंग यांचा हा जोडशब्द. म्हणजे तंबूच, पण आत पलंग, जाड गादी, पांढरीशुभ्र चादर, जोडून न्हाणीघर, गरम पाणी आणि बाहेर दिव्यांच्या माळा.

माझ्या मुलीनं हा शब्द मला ऐकवला तेव्हा मला अबुल फजल आठवला. 'आईने अकबरी'त त्यानं बादशाही छावणीचा हिशेब मांडला आहे. एक छावणी हलवायला शंभर हत्ती, पाचशे उंट आणि चारशे गाडे लागत. तेव्हा तंबूतल्या चैनीचा शोध काही आपल्या पिढीनं लावलेला नाही. फरक एवढाच, की बादशहाच्या मुक्कामाची जागा पाहायला आधी 'मीर मंझिल' नावाचा अधिकारी जात असे. आपण मोबाईलवर फोटो पाहतो आणि पैसे भरून मोकळे होतो. फोटोत पलंग दिसतो, जागा दिसत नाही. आणि तंबूच्या बाबतीत जागा हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते. घराला पाया असतो, भिंती असतात. तंबूला फक्त जमीन असते.

मी पुण्यात राहतो, म्हणून पुण्याच्या आसपासचंच बोलतो. शहरापासून किती लांब जायचं? माझा हिशेब सोपा आहे. एका रात्रीचा मुक्काम असेल तर गाडीत एका बाजूला तीन तासांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. भंडारदरा सुंदर आहे, पण पुण्याहून ते एका रात्रीचं काम नव्हे. नाशिककरांना ते जवळ आहे, त्यांनी खुशाल जावं. आपल्याला पानशेत-वरसगावचा परिसर आहे, मुळशी आहे, आणि सध्या ज्याच्या काठावर सर्वांत जास्त तंबू दिसतात तो मावळातला पवनेचा जलाशय आहे. कामशेतला जुना महामार्ग सोडून पवनानगरकडे वळलं की तिकोना दिसू लागतो. पलीकडे तुंग, उत्तरेला लोहगड-विसापूर. मुंबईची मंडळी लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून उतरतात. शनिवारी सकाळी लोणावळ्यात वाहनांची जी रांग लागते, ती पाहिली की कामशेतची वाट किती शहाणपणाची, ते पटतं.

आता तंबूंच्या जाती. एक साधा, दोन काड्यांचा, पाठीवरून नेता येणारा. तो आजचा विषय नाही. दुसरा 'सफारी टेंट'. सिमेंटच्या किंवा लाकडी ओट्यावर पक्का उभारलेला, जाड कॅनव्हासचा, मागे न्हाणीघर. तिसरा घुमट, म्हणजे 'डोम'. पांढऱ्या प्लास्टिकचा, पुढून पारदर्शक. फोटोत घुमट फार देखणा दिसतो. पण त्या पारदर्शक बाजूनं सकाळचं ऊन थेट आत येतं, आणि आठ वाजेपर्यंत आतला माणूस भट्टीतल्या पावासारखा फुगतो. घुमट घ्यायचाच असेल तर तोंड कोणत्या दिशेला आहे आणि आत वातानुकूलन किंवा निदान वर हवा जायला झरोका आहे का, हे विचारावं. सफारी तंबूत एकच गोष्ट पाहावी. छताला वर दुसरं छत आहे का? दोन कापडांच्या मधून हवा खेळली तर उन्हाचा ताप कमी होतो आणि थंडीत पहाटे दव अंगावर ठिबकत नाही. जलाशयाच्या काठी हिवाळ्यात दव किती पडतं, ते एकदा चादर ओली झाल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे मुक्काम ठरवताना निर्णायक मत अम्मीचं असतं. तिचं वय ऐंशीच्या पुढं, गुडघे दुखरे. त्यामुळं फोनवर मी पहिला प्रश्न शौचालयाचा विचारतो. एका तंबूवाल्याशी झालेलं बोलणं असं :

"तंबूला लागून आहे का?"

"काका, लागूनच समजा. दहा पावलं."

"कुणाची दहा पावलं?"

तो थांबला. मग म्हणाला, "आजी बरोबर आहेत का? मग काका, तुम्हाला वरचा तंबू देतो. तिथं आतच आहे, कमोड आहे, दोनच पायऱ्या आहेत. खालच्याला उतार आहे, रात्री आजींना जमायचं नाही." हा माणूस मला आवडला. जो आपणहून उतार सांगतो, तो बाकीचंही खरं सांगत असावा.

शौचालयाचा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो मी विचारतो. मैला जातो कुठं? सेप्टिक टँक आहे का, आणि तो पाण्यापासून किती लांब? काहींना हा आगाऊपणा वाटतो. पण पवनेचं पाणी धरणातून नदीत सुटतं, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. माझी धाकटी बहीण चिंचवडला राहते. काठावरच्या शंभर तंबूंचा मैला कुठं मुरतो, हा तिच्या माठातल्या पाण्याचा प्रश्न आहे.

याच पाण्याची आणखी एक गोष्ट आहे. धरण झालं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं रेंगाळला. पुढं पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडं नेण्याची योजना आली. तिच्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघं मारली गेली, त्यांत एक स्त्री होती. आज त्याच काठावर आपण खुर्ची टाकून सूर्यास्त पाहतो. पाहू नये असं मी म्हणत नाही. मात्र जागा कुणाची आहे, हे विचारतो. काही ठिकाणी गावातल्याच पोरांनी स्वतःच्या शेतात चार तंबू उभे केलेले असतात, आई-वहिनी भाकरी करतात, भाऊ गाडी लावून घेतो. काही ठिकाणी मालक शहरात आणि गावकरी नुसते राबायला. दोन्हींत पलंग सारखाच असतो, दरही बहुधा सारखा. मी पहिल्याकडं जातो. राज्यात २०२०पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे, शेतकऱ्याला आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच कसला?

जागेचा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाण्यापासूनचं अंतर. 'अगदी पाण्याला लागून' ही जाहिरात वाचली की मी पान उलटतो. जलाशय भरला की पाणी जिथवर चढतं, तिथं काठावर एक रेघ उमटलेली असते. तिच्या खाली उघडी, फिकट माती, वर गवत आणि झुडपं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ही उघडी पट्टी छान सपाट दिसते आणि तिथं तंबू ठोकण्याचा मोह होतो. ती जमीन धरणाची. तंबू रेघेच्या वर हवा, चांगला वर.

पोहण्याचं तर नावच नको. नदीचा काठ आणि धरणाचा काठ वेगळा. धरणाच्या पोटात जुनी शेतं आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल कुठं पडेल, याचा नेम नाही, आणि गाळात पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून गेलेल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत मुलं होती. मध्यावर एकमेकांना धरून उभं असलेलं ते कुटुंब आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिलं आहे. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं पावसाळ्यापुरते बंदीचे आदेश काढले. माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर तंबू नकोच. मावळचा पाऊस पाहायला पक्क्या छपराची ओसरी हवी. आणि तंबूवाला होडी देत असेल तर आधी जीवरक्षक जाकिटं दाखव म्हणावं. मोजून घ्यावीत. माणसं सात आणि जाकिटं पाच असतील तर होडी काठावरच बरी.

दुसरा धोका आवाज न करता येतो. हिवाळ्यात रात्री शेकोटी होते, कोळशावर मांस किंवा पनीर भाजलं जातं, आणि मग थंडी वाजते म्हणून कुणीतरी ती निखाऱ्याची शेगडी तंबूत आणून चेन लावून घेतं. हे कदापि करू नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. जानेवारी २०२०मध्ये नेपाळमध्ये दामन इथं केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. तिथं निदान खोली होती. तंबू तर त्याहून लहान. थंडीला दुसरी रजई मागावी. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तो बाहेरच्या बाजूला बसवलेला आहे का, तेही पाहावं.

मग चैन म्हणजे काय? माझ्या लेखी चैन म्हणजे अंधार आणि शांतता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद हवा. "दहानंतर स्पीकर चालतो का?" असं विचारल्यावर समोरचा उत्साहानं "चालतो की!" म्हणाला, तर फोन ठेवावा. दिव्यांच्या माळा किती वाजता मालवता, हेही विचारावं. जानेवारीत जेवणं उरकेपर्यंत मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं, मागोमाग व्याध. शहरात राहणाऱ्या मुलांना ते दाखवायला माळा बंद कराव्या लागतात. अमावस्येच्या आसपासची तारीख घेतली तर आणखी उत्तम. पावसाआधी काजवे पाहायला जाणाऱ्यांना हे अधिकच लागू. काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदाराला घातलेली साद असते, आणि आपल्या गाडीच्या दिव्यांत ती कुणाला ऐकू जात नाही. ऐकू जाणं हा इथं माझा कवीचा शब्द आहे, तेवढा चालवून घ्या.

जेवणाचं फार ताणू नये. आम्ही मटण कुठून आणता ते विचारतो, आमच्या शेजारच्या काकू शाकाहारी भांडी वेगळी आहेत का ते विचारतात, दोघांनाही उत्तर मिळतं. बाकी मावळात जाऊन इंद्रायणी तांदळाचा भात सोडून नूडल्स मागणाऱ्याला मी काय सांगणार? हा तांदूळ तिथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राची देणगी आहे. पिठलं, भाकरी, भात आणि वर तुपाची धार मागावी.

दर मी सांगत नाही, कारण शनिवारचा दर आणि मंगळवारचा दर यांची एकमेकांशी ओळख नसते. तारीख बदलता येत असेल तर मधला वार घ्यावा. तोच तंबू, तोच डोंगर, आणि तंबूवाल्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. उजेड असताना पोहोचावं, चारच्या सुमारास. सामान उतरवण्याआधी एक फेरी मारावी. पाण्याची रेघ, पायऱ्या, शौचालय, गाडी बाहेर काढायची वाट. जवळचा दवाखाना कुठला आणि रात्री तिथं कोण असतं, हे तंबूवाल्याला विचारून ठेवावं. अम्मी तोवर खुर्चीवर बसून चहा मागवते.