काठी कोणती आणि गाढव कोणतं? वजनं उचलणाऱ्यांची सांधेदुखी आणि ‘नैसर्गिक’ सप्लिमेंट्स

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कार्यकारणभाव पाहिला. ह्यूम झाला, न्यायदर्शन झालं. त्यानंतर जिमला जाणारी दोन-तीन मुलं मला भेटली आणि म्हणाली, “सर, ते सगळं ठीक आहे. पण गुडघा दुखतोय, ग्लुकोसामाइन घेऊ का?” हसू नका. हा प्रश्न मला फार आवडला, कारण कार्यकारणभावाचा विचार पुस्तकात जितका अवघड वाटतो, त्याहून दुखऱ्या गुडघ्यात जास्त अवघड असतो. मी डॉक्टर आहे तो नावाआधी लावायचा, तपासणारा नव्हे. म्हणून औषध सुचवणं माझं काम नाही. अमुक घेतल्यानं बरं वाटलं, असं म्हणायला काय काय लागतं, एवढंच मी सांगणार आहे.

समजा, सव्वीस वर्षांचा एक मुलगा आहे. स्क्वॉट मारतो. दोन महिन्यांत त्यानं वजन साठ किलोवरून नव्वदवर नेलं. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. तीन आठवडे त्यानं अंगावर काढलं. मग एक दिवस जिने उतरणं मुश्किल झालं, त्या दिवशी तो दुकानात गेला आणि डबा घेऊन आला. त्याच आठवड्यात त्यानं स्क्वॉट बंद केले. पंधरा दिवसांनी हलक्या वजनानं पुन्हा सुरू केले, कुणीतरी उतरण्याची पद्धत सुधारून दिली. सहा आठवड्यांनी गुडघा ठीक. आता हा मुलगा जिममध्ये काय सांगेल? “ग्लुकोसामाइन घे, माझा गुडघा त्यानंच बरा झाला.”

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण या म्हणीनं काम भागत नाही. ती एवढंच सांगते की योगायोग असू शकतो. तो ओळखायचा कसा, हे सांगत नाही. तिथे नैयायिक कामाला येतात. त्यांचं नेहमीचं उदाहरण घडा. घडा घडण्यापूर्वी चाक होतं, काठी होती, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव घड्याचं कारण का नाही? तेही आधी हजर होतंच की! नैयायिकांचं उत्तर असं, की गाढवाशिवाय, डोक्यावरून माती आणूनही घडा होतो. चाक फिरवणाऱ्या काठीचं तसं नाही. जे आधी असतं पण ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. संस्कृतात त्या काठीला दंड म्हणतात. तुमचे कमावलेले दंड वेगळे, बरं का.

तर आपला प्रश्न असा: त्या मुलाच्या गोष्टीत डबा ही काठी आहे की गाढव? त्याच्या एकट्याच्या अनुभवावरून हे ठरत नाही. त्यानं त्या सहा आठवड्यांत चार गोष्टी बदलल्या. शिवाय दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस औषध घेतो कधी? दुखणं शिखरावर असतं तेव्हा. शिखरावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते. म्हणजे त्या दिवशी तो कुठल्याही देवाला नारळ फोडता, तरी पुढच्या महिन्यात त्याला बरंच वाटण्याची शक्यता जास्त होती.

म्हणून तुलना लागते. अमेरिकेत अशी एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. गुडघ्याचा संधिवात असलेले १५८३ लोक, पाच गट, २४ आठवडे. एका गटाला ग्लुकोसामाइन, दुसऱ्याला कॉन्ड्रॉइटिन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे नेहमीचं वेदनाशामक आणि पाचव्याला नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी. दुखणं निदान वीस टक्क्यांनी कमी झालं तर ‘गुण आला’ असं मानायचं, हे आधीच ठरलेलं. ग्लुकोसामाइनच्या गटात ६४ टक्के लोकांना गुण आला. हा आकडा एकटा छापला तर डबा लगेच खपेल. पण नुसत्या गोळीच्या गटात किती जणांना गुण आला? ६० टक्के! हा फरक योगायोगानंही पडू शकतो एवढा लहान आहे. वेदनाशामकाच्या गटात मात्र ७० टक्के होते. आता जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या उपगटात दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांना गुण आला, हेही खरं. जाहिरातवाले नेमका तोच आकडा उचलतात. मोठा निकाल हाती लागला नाही की उपगटात शोधायचं, ही सवय वाईट. कुठल्यातरी कोपऱ्यात काहीतरी सापडतंच. आणि हे लोक साठीच्या आसपासचे, झिजलेल्या गुडघ्यांचे होते. त्यांच्यावरचा निकाल सव्वीस वर्षांच्या स्क्वॉट मारणाऱ्याला तसाच लावणं, हे आणखी एक घसरणं.

कारण त्याचं दुखतंय ते मुळात काय? वजनं उचलणारे ज्याला सांधा म्हणतात, ते पुष्कळदा कंडरेचं, म्हणजे टेंडनचं दुखणं असतं. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी ती. वाटीखाली, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, खांद्यात पुढून. यातली गोम अशी की स्नायू काही आठवड्यांत ताकद दाखवतो, पण कंडरा सावकाश तयार होते, तिला महिने लागतात. त्यामुळे माणसाला वाटतं, वजन सहज उचललं जातंय, चढवू या अजून पाच किलो. इंजिन मोठं बसवलं, दोर जुनाच. इथे ‘काठी’ कुठली हे आता दिसतं ना? भार. किती उचललं, किती वेळा, किती दिवसांनी. आणि उपायही बहुतेक वेळा तिथेच असतो: भार कमी करायचा, पण शून्य करायचा नाही, आणि हळूहळू परत चढवायचा. कंडरेला पूर्ण विश्रांती मानवत नाही. सांध्यातल्या कूर्चेचंही तसंच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि दाब पडणं-सुटणं यानं ते आतपर्यंत पोचतं. जुन्या तालमीतले वस्ताद नव्या पोराला जोर-बैठका हळूहळू वाढवायला लावत, त्यामागे हे शरीरशास्त्र नसेल, पण शहाणपण होतं.

आता हळद. हिच्याबद्दल बोललं की लोक भावुक होतात, म्हणून जरा सावकाश बोलतो. हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करणाऱ्या प्रक्रियांवर काम करतं, हे प्रयोगशाळेत पुष्कळ वेळा दिसलेलं आहे. पण हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्यातलंही आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पिपरिन सोबत दिलं तर माणसांत हे प्रमाण सुमारे वीस पट होतं. म्हणून डब्यांवर ‘काळ्या मिरीसह’ लिहिलेलं असतं. हळद-दूध प्या, घसा शेकेल, झोप चांगली लागेल. पण चाचण्यांमध्ये वापरतात तो अर्क ही वेगळी वस्तू आहे. एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. अर्काबाबत सांगायचं तर ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये सत्तर लोकांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. शंभर अंकांच्या पट्टीवर नुसत्या गोळीपेक्षा नऊ अंकांनी दुखणं कमी झालं. एमआरआयमध्ये मात्र सांध्याच्या सुजेत फरक दिसला नाही. म्हणजे काहीतरी आहे, पण थोडं आहे. हेही गुडघ्याच्या संधिवाताचे रुग्ण, पहिलवान नव्हेत.

कुणीतरी हमखास म्हणतं, “सर, हळदीचं पेटंट अमेरिकेनं घेतलं होतं, आपण ते जिंकलं, म्हणजे सिद्धच झालं की!” त्या लढ्याचा मलाही अभिमान आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पण बघा, ते पेटंट जखमेवरच्या वापराचं होतं, गुडघ्याचं नव्हे. आणि रद्द झालं ते ‘हे ज्ञान नवं नाही’ म्हणून. ‘जुनं आहे’ आणि ‘गुणकारी आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं सिद्ध झालं की दुसरं आपोआप होत नाही.

मला स्वतःला सगळ्यात रस वाटला तो सालईत. सातपुड्यात, मेळघाटात हे झाड आहे, आयुर्वेदात तिला शल्लकी म्हणतात. खोडाला खाच पाडली की सुगंधी डिंक येतो. त्यातली बोस्वेलिक आम्लं सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात. २००३ साली नागपूरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेली चाचणी लहान आहे, तीसच रुग्ण, पण तिची रचना पाहून एखादा नैयायिक खूष झाला असता. निम्म्यांना आठ आठवडे अर्क, निम्म्यांना नुसती गोळी. मग मधे औषध थांबवून गटांची अदलाबदल. आहे तेव्हा काय होतं आणि नाही तेव्हा काय होतं, म्हणजेच अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही त्याच माणसात तपासले. अर्क चालू असताना दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं सुधारलं. एक्स-रेमध्ये बदल नाही. तीस ही संख्या तोकडीच. तरी शंभर जणांच्या “मला गुण आला”पेक्षा या तिसांचं वजन जास्त.

डिंकाचा विषय निघालाच आहे. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक चिकट, म्हणून डिंकाचे लाडू सांध्यांना वंगण देतात, असं घरोघरी मानतात. हे सादृश्यावरून केलेलं अनुमान. असं पाहिलं तर अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धी वाढवेल. डिंक म्हणजे एक कर्बोदक. तो पोटात जातो, सांध्यात नाही. लाडवात तूप, खारीक, खोबरं असतं, थंडीत ताकद येते, अवश्य खा. कोलॅजनची गोष्ट जरा निराळी. ते कंडरेतलं मुख्य प्रथिन आहे, पण खाल्लेलं कोलॅजन पचतं, त्याचे तुकडे होतात, ते पत्ता विचारत थेट तुमच्या गुडघ्याला जात नाहीत. २०१७ सालच्या एका प्रयोगात आठ तरुणांना दोरीवरच्या उड्यांच्या तासभर आधी जिलेटिन आणि क जीवनसत्त्व दिलं. पंधरा ग्रॅमच्या मात्रेनं रक्तातली कोलॅजननिर्मितीची खूण दुप्पट झाली. कल्पना चांगली आहे. पण रक्तातली खूण म्हणजे कमी झालेलं दुखणं नव्हे, आणि आठ म्हणजे आठच. शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावं, जिलेटिन आणि कोलॅजन प्राण्यांच्या कातडी-हाडांतून येतं आणि ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा खेकडा-कोळंबीच्या कवचातून. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनीही लेबल वाचावं. माशाच्या तेलाचा उपयोग आमवातात, म्हणजे रूमॅटॉइडमध्ये जास्त दिसतो. वजनानं दुखावलेल्या कोपरासाठी त्याची शिफारस करायला मी धजणार नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा मात्र मला राग येतो. त्यातून ‘निर्धोक’ असा अर्थ आपण काढतो, तो त्यात नाही. हळदीच्या तीव्र अर्कांनी, विशेषतः मिऱ्याच्या जोडीनं, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत, इटलीत, ऑस्ट्रेलियात झालेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण आहेत. पिपरिन दुसऱ्या औषधांचंही शोषण वाढवू शकतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर कर्क्युमिन आणि ग्लुकोसामाइन दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्याहून वाईट प्रकार लपवाछपवीचा. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांधेदुखीच्या सप्लिमेंटबद्दल इशारा दिला. लेबलवर वनस्पती आणि ओमेगा-थ्री. आत निघालं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. आपल्या गाढवाच्या भाषेत सांगायचं तर गोणीत माती नव्हती.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. एखाद्या वनस्पतीच्या पुडीनं दोन-तीन दिवसांत जादूसारखं दुखणं गेलं, भूक वाढली, चेहरा सुजल्यासारखा गोल दिसायला लागला, तर संशय घ्या. पण ती पुडी बरेच दिवस चालू असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं, कारण शरीरानं तोवर स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. पुडी पाकिटासकट उचला आणि डॉक्टरांकडे जा.

आता ज्यांना एवढं ऐकूनही काही घेऊन बघायचंच आहे, त्यांच्यासाठी. आधी महिना-दीड महिना फक्त भार नीट करा, डबा न आणता. रोज रात्री दुखणं शून्य ते दहामध्ये लिहा. त्यानं भागलं तर पैसे वाचले. नाही भागलं तर व्यायाम तसाच ठेवून एकच सप्लिमेंट आठ ते बारा आठवडे घ्या. दोन एकदम नकोत, नाहीतर कुठलं गाढव आणि कुठली काठी हे कळणारच नाही. मग ते थांबवून आणखी महिनाभर लिहीत राहा. थांबवूनही काही फरक पडला नाही, तर तुमचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. एकट्याच्या वहीला चाचणीची सर येणार नाही, पण दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती बरी.

आणि सांधा सुजला, गरम झाला, ताप आला, गुडघा अडकायला लागला, रात्री दुखून जाग यायला लागली किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला, तर वही मिटा आणि तपासून घ्या. तरुण वयात सुरू होणारे संधिवात असतात आणि त्यांवर लवकर उपचार सुरू झाले तर सांधा वाचतो. अशा वेळी हळदीच्या कॅप्सूल गिळत काढलेले सहा महिने परत मिळत नाहीत.