अज्ञात घटीचा हिशेब
उसाबरोबर जेवढी साखर कारखान्यात आली, तेवढीच बाहेर पडायला हवी: पोत्यांतून, मळीतून, बगॅसमधून (उसाच्या चोथ्यातून), प्रेसमडमधून (रस गाळल्यावर उरलेल्या गाळातून). टाक्यांतला चालू माल धरूनही ही बेरीज रोज थोडी कमी भरते आणि उरलेला फरक ‘अज्ञात घट’ म्हणून अहवालात लिहिला जातो. उसाच्या 0.1 टक्क्याच्या आसपास घट आली की सगळे निश्चिंत होतात. पण मापनात किती चूक असू शकते हे त्या आकड्याशेजारी लिहिलेले नसेल, तर निश्चिंत व्हायलाही आधार नाही आणि घाबरायलाही नाही. दिवसाला 5000 टन गाळप धरा. उसात 13 टक्के साखर असेल तर 650 टन साखर आत आली आणि 0.1 टक्का घट म्हणजे 5 टन. मिश्र रसाचे वजन साधारण उसाइतकेच असते. त्याचा पोल, म्हणजे पोलारीमीटरने काढलेली साखरेची टक्केवारी, 12 ऐवजी 12.1 वाचला गेला, की 5 टन साखर नुसती कागदावर तयार होते आणि पुढे कुठेच न सापडल्यामुळे घटीत जमा होते. रसाच्या वजनात अर्ध्या टक्क्याची चूक झाली, तर आणखी 3 टनांचा फरक पडतो. शेकडो टनांच्या वजाबाकीतून हाती आलेले पाच टन इतके नाजूक असतात.

चांगली उपकरणे आणली की प्रश्न मिटेल, असे कोणी म्हणेल. काटे तपासून घ्यायलाच हवेत. पण निर्दोष पोलारीमीटरही फसवतो, कारण तो साखर मोजत नाही, द्रावणाने ध्रुवित प्रकाश किती वळवला ते मोजतो. तोडलेला ऊस पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. डेक्स्ट्रान हा प्रकाश साखरेच्या सुमारे तिप्पट उजवीकडे वळवते. म्हणून शिळ्या उसाचा रस कागदावर आहे त्यापेक्षा गोड दिसतो. मळीत नेमके उलटे होते. तिथले फ्रुक्टोज प्रकाश डावीकडे वळवते, त्यामुळे मळीतून गेलेली साखर कमी भासते. दोन्ही फरक घटीच्याच खात्यावर चढतात, आणि कारखाना कुठे गळते ते शोधत बसतो.

मग चूक घटीएवढीच मोठी असेल, तर हा हिशेब ठेवायचाच कशाला? कारण योगायोगाच्या चुका कधी वर, कधी खाली जातात आणि आठवड्याच्या बेरजेत बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. एकाच दिशेची चूक मात्र साचत जाते. घट सलग उणे येऊ लागली, तर कारखान्यात साखर निर्माण होत नसल्यामुळे माप चुकते आहे हे उघडच आहे. ती अचानक वाढली, तर आधी कंडेन्सरच्या पाण्याची अल्फा-नॅप्थॉल चाचणी करावी. वाफेबरोबर रस उडून जात असेल तर तिथे कळते.

हाच हिशेब शेतकऱ्याच्याही उपयोगाचा आहे. बहुतेक ठिकाणी बगॅस तोलत नाहीत; ऊस आणि तो पिळताना वर सोडलेले पाणी यांच्या वजनातून रस वजा करून ते काढतात. वजनकाट्याने 5000 टनांमागे 50 टन ऊस कमी दाखवला, तर ते सगळे 50 टन बगॅसमधून कमी होतात आणि 1400 टन बगॅस 1350 वर येते. उसातल्या तंतूंचे प्रमाण आणि बॉयलरला प्रत्यक्ष पुरलेले बगॅस यांच्याशी तो आकडा पडताळला, तर काटामारीचा संशय घेण्याइतका पुरावा प्रयोगशाळेच्या वहीतच मिळतो. म्हणून दैनंदिन अहवाल, मापनात किती चूक असू शकते या नोंदीसह, शेतकरी सभासदांना पाहायला मिळाला पाहिजे.