निंबोळीची जागा साठलेल्या पाण्यात

डासांवर वनस्पतींचा उपाय म्हटला की डोळ्यांसमोर येतो कडुनिंबाचा धूर आणि अंगाला चोळलेले सिट्रोनेला. या दोन्हींकडून आपण नको तितकी अपेक्षा ठेवतो. सिट्रोनेला तेलातले वासाचे घटक भराभर उडून जातात, त्यामुळे त्याचे संरक्षण तास-दोन तासांपलीकडे क्वचितच टिकते; डेंग्यू पसरवणारा एडिस तर दिवसभर चावतो. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी हे द्रव्य बरेच जास्त वेळ टिकते, एवढा अपवाद मान्य करायला हवा. पण अंगावर येणारा डास हाकलणे हे शेवटचे काम आहे. वनस्पतीजन्य द्रव्यांचे खरे बळ त्याच्या आधी, पाण्यातल्या अळीवर दिसते.

निंबोळीतले अझाडिरॅक्टिन अळीला तडकाफडकी मारत नाही. डासाची अळी चार वेळा कात टाकते आणि चौथ्या खेपेला तिचा कोश होतो. कात टाकण्याची वेळ ठरवणारी संप्रेरकेच हे द्रव्य बिघडवते. मग जुनी कातडी अर्धवट अडकलेली अळी तशीच मरते किंवा कोशातून डास बाहेर पडत नाही. निंबोळीत अशी अनेक संयुगे एकत्र असल्याने प्रतिकारशक्ती कमावणे डासाला अवघड जाते. पायरेथ्रमच्या फुलाची कथा इथे आठवावी. त्यातली पायरेथ्रिन उन्हात लवकर विघटित होतात, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी १९४९ मधल्या ॲलेथ्रिननंतर १९७३ मध्ये उन्हात टिकणारे परमेथ्रिन घडवले. पुढे याच कुळातली कीटकनाशके मच्छरदाणीपासून फवारणीपर्यंत सगळीकडे पोहोचली आणि आज जगभर अनेक ठिकाणी डास त्यांना दाद देईनासे झाले आहेत.

निंबोळी अर्कही उन्हात टिकत नाही, मग त्याचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याला मात्रा द्यावी लागणे ही फारशी अडचण नाही. घरातली पाण्याची भांडी रिकामी करण्याचा कोरडा दिवसही आठवड्यालाच पाळायचा असतो. मात्र पिण्याच्या पाण्यात अर्क टाकू नये. पिंप रिकामे करून आतून घासावे, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. तळ्यात, विहिरीत गप्पी मासे सोडावेत, कारण निंबोळी अर्क तिथल्या इतर कीटकांनाही मारू शकतो. त्याची जागा गटारे, तुंबलेले खड्डे आणि बांधकामावर साचलेले पाणी इथे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरी काढलेल्या अर्कात अझाडिरॅक्टिन किती, हे झाड, हंगाम आणि निंबोळीची साठवण यांवर अवलंबून असते. बुरशी लागलेल्या निंबोळीतून फारसे काही मिळत नाही. शेतीसाठीच्या बाटलीवर १५०० किंवा १०,००० पीपीएम असे प्रमाण छापलेले असते. डासअळीसाठी अर्क विकत घेणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आणि सोसायटीने तोच आकडा मागावा, आणि तो नसेल तर माल परत करावा.